सही ठेकेदाराची, डोकं दुसऱ्याचं

एका वाचक भगिनीचं पत्र आहे. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून दोन वर्षं त्यांचं दुचाकीच्या सुट्या भागांचं आणि हेल्मेटचं दुकान त्या चालवतात. गोडाऊन आवरताना त्यांना 118 हेल्मेट सापडली. काही टोपीसारखी अर्धी, काही पूर्ण. आयएसआय मार्क एकावरही नाही. काहींवर 'सीई' तर काहींवर 'डॉट' असा शिक्का आहे. निम्मा माल फार जुना, निम्मा 2022 नंतर घेतलेला, त्यातलाही बराचसा कच्च्या बिलावर. घरपोच सामान पोचवणाऱ्या मुलांचा एक ठेकेदार सगळा माल एकरकमी उचलायला तयार आहे. तो म्हणतो, "मार्क नाही हे मला माहीत आहे, तसं लिहून देतो. बिलावर फक्त 'इंडस्ट्रियल हेल्मेट' टाका." होलसेलर मार्कचे स्टिकर पाठवायला तयार आहे. वडील म्हणतात, "आपण बनवत नाही, नुसतं विकतो." भाऊ म्हणतो, विकायची नसतील तर दान कर. त्यांचा प्रश्न: "ठेकेदाराकडून लिहून घेतलं तर मी सुटते ना? आणि सुटत नसेन, तर एवढ्या पैशांवर पाणी सोडायचं का?"

नमस्कार.

तुमच्या पत्रात "लिहून देतो" हे शब्द तीन वेळा आले आहेत. तुमचा सगळा धीर त्या दोन शब्दांवर टेकलेला दिसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तो कागद काही कामाचा नाही. 1872 च्या करार कायद्याचं 23 वं कलम सांगतं की ज्या व्यवहाराला कायद्यानेच मनाई आहे, त्याबद्दलचा करार मुळात करारच ठरत नाही. स्टॅम्प पेपरवर करा, नोटरी करा, दोन साक्षीदार आणा, फरक पडत नाही. उलट तो कागद उद्या तुमच्याविरुद्धच वाचला जाईल. मार्क नसल्याचं दोघांनाही ठाऊक होतं आणि तरीही माल गेला, याचा इतका स्वच्छ पुरावा दुसरा कुठला असणार?

पण कायदा क्षणभर बाजूला ठेवा. ठेकेदार लिहून देतोय ते नेमकं कशाबद्दल? हेल्मेट तो स्वतः घालणार नाही. ती घालून पावसात, रात्री, घड्याळाशी शर्यत लावत गाडी चालवणार आहेत त्याच्याकडची मुलं. तुमच्या पत्रात ठेकेदार आहे, होलसेलर आहे, वडील आहेत, भाऊ आहे, सीए सुद्धा आहेत. ती मुलं मात्र एका ओळीतही नाहीत. हा दोष एकट्या तुमचा नाही. संरक्षणाची साधनं विकण्याच्या धंद्यात हा घोळ नेहमीच असतो, कारण पैसे मोजणारा एक आणि अंगावर घालणारा दुसरा. सेफ्टी बूट असोत, हातमोजे असोत की मास्क, घासाघीस करणाऱ्याचा पाय त्या बुटात कधीच नसतो. म्हणून तर कायद्याने हा निर्णय गिऱ्हाईक आणि दुकानदार या दोघांच्या हातात ठेवलेला नाही.

आता वडिलांच्या म्हणण्याकडे येते. "आपण नुसतं विकतो" हे त्यांच्या काळी बऱ्याच अंशी चालून जायचं. आता चालत नाही. दुचाकीच्या हेल्मेटसाठी केंद्र सरकारने नोव्हेंबर 2020 मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला आणि तो 1 जून 2021 पासून लागू झाला. तेव्हापासून आयएस 4151 या मानकाप्रमाणे बनवलेलं आणि आयएसआय मार्क असलेलंच हेल्मेट विकता येतं. या आदेशामागे 2016 चा भारतीय मानक ब्युरोचा कायदा आहे. त्याचं 17 वं कलम शांतपणे वाचा. सक्तीचा मार्क नसलेली वस्तू बनवायची नाही, आयात करायची नाही, वाटायची नाही, विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, विक्रीसाठी साठवायची नाही आणि विक्रीसाठी मांडायचीही नाही, असं ते सांगतं. एकेका क्रियापदाने एकेक पळवाट बुजवली आहे. "साठवायची नाही" यात तुमचं गोडाऊन आलं. "वाटायची नाही" यात तुमच्या भावाचं दान आलं. (भाड्याने दुचाकी देणारे जे कळकट हेल्मेट हातात ठेवतात, ते त्या यादीतल्या भाड्यात येतं. त्यांच्यातलं कुणी हे वाचत असेल तर बरं.)

शिक्षा 29 व्या कलमात आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान 2 लाख रुपये, पुढच्या प्रत्येक गुन्ह्याला किमान 5 लाख, आणि मालाच्या किमतीच्या दहा पटीपर्यंत तो वाढू शकतो. ठेकेदार देऊ करतोय ती रक्कम तुम्ही लिहिलेली नाही. ती या आकड्याशेजारी मांडून बघा.

वडिलांना आणखी एक सांगा. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालामुळे झालेल्या इजेची जबाबदारी ठरवताना बनवणारा आणि विकणारा यांना वेगळं धरलंय, म्हणजे वडिलांचा मुद्दा तिथे अर्धा मान्य आहे. पण 86 व्या कलमात विकणारा कधी अडकतो तेही दिलंय. एक, बनवणारा कोण हे कळत नसेल किंवा त्याच्यापर्यंत नोटीस पोचवता येत नसेल. दोन, विकणाऱ्याने मालात किंवा त्याच्या लेबलात हात घातला असेल. तीन, त्याने स्वतःच्या तोंडाने हमी दिली असेल. चार, माल तपासण्यात वाजवी काळजी घेतली नसेल, किंवा बनवणाऱ्याच्या सूचना आणि धोक्याचे इशारे गिऱ्हाइकापर्यंत पोचवले नसतील. आता आपल्या मालाकडे बघा. कच्च्या बिलावर आलेलं, डब्यावर धड पत्ता नसलेलं हेल्मेट. बनवणारा शोधायला गेलं की वाट तुमच्याच दुकानाशी संपते. कच्च्या बिलाने वाचवलेल्या कराची ही खरी किंमत आहे.

स्टिकरबद्दल फार लिहीत नाही. तो खोटेपणा आहे आणि वेगळा गुन्हा आहे. होलसेलर ज्या सहजतेने ते पाठवायला निघालाय, त्यावरून त्याच्याकडचा मार्क असलेला मालही एकदा तपासून घ्या. मार्क म्हणजे नुसतं चित्र नव्हे. चिन्हाच्या वर मानकाचा क्रमांक असतो, हेल्मेटला आयएस 4151, आणि खाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक. हा परवाना बनवणाऱ्याला, त्याच्या ठरावीक कारखान्यासाठी आणि ठरावीक वस्तूसाठी मिळतो. तुम्ही पत्रात विचारलंय की दुकानाच्या नावावर आयएसआय काढता येईल का. नाही, विकणाऱ्याला तो मिळत नाही आणि लागतही नाही. तुमचं काम एवढंच की मानक ब्युरोचं (इंग्रजीत बीआयएस) 'बीआयएस केअर' हे मोबाइल ॲप उघडायचं, तो क्रमांक टाकायचा आणि बघायचं: कारखान्याचं नाव डब्यावरच्या नावाशी जुळतं का, वस्तू हेल्मेटच आहे का, परवाना आज चालू आहे का. हा शेवटचा भाग लोक विसरतात. 2025 मध्ये दिल्लीतल्या कारवाईत नऊ उत्पादकांकडून अडीच हजारांवर हेल्मेट जप्त झाली, कारण त्यांचे परवाने संपलेले किंवा रद्द झालेले होते. अशा मालावर मार्क डोळ्यांना दिसतो, त्यामागे परवाना मात्र उरलेला नसतो.

'सीई' आणि 'डॉट' बद्दल होलसेलरने तुम्हाला सांगितलं की हे आयएसआयपेक्षाही वरचं, इंटरनॅशनल. हे ऐकून मला हसूच आलं. 'सीई' ही युरोपीय संघाची खूण. तिथे संरक्षक साधनांसाठी 2016/425 क्रमांकाचा नियम आहे, 21 एप्रिल 2018 पासून लागू असलेला. गंमत अशी की मोटरसायकलचं हेल्मेट त्या नियमातून मुद्दाम वगळलंय. त्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेतला 22 क्रमांकाचा वेगळा नियम आहे आणि त्याची खूण वेगळी, वर्तुळातलं इंग्रजी ई आणि शेजारी देशाचा आकडा. तेव्हा मोटरसायकलच्या हेल्मेटवर सुरक्षिततेची हमी म्हणून 'सीई' छापलेलं दिसलं, तर एक तर ते सायकलचं हेल्मेट असेल किंवा छापणाऱ्याला त्या दोन अक्षरांचा अर्थ माहीत नसेल. 'डॉट' अमेरिकेचं. तिथे बनवणाराच स्वतः जाहीर करतो की माल मानकाला धरून आहे, सरकार आधी तपासून शिक्का देत नाही. असली आंतरराष्ट्रीय अक्षरं कुणीही छापून टाकू शकतो, म्हणूनच ती स्वस्त मालावर जास्त दिसतात.

इथे एक कबूल करते. 22 नियमाची खरी मान्यता असलेलं परदेशी हेल्मेट चांगलं असतं, आणि तेसुद्धा आयएसआयशिवाय इथे विकता येत नाही. हे मला थोडं आडमुठेपणाचं वाटतं. पण परदेशी कारखान्यालाही ब्युरोचा परवाना घ्यायची सोय आहे आणि तो घेणं त्यांचं काम आहे. शिवाय तुमच्या गोडाऊनमधला माल त्या जातीचा नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

बिलावर 'इंडस्ट्रियल हेल्मेट' लिहिण्याची शक्कल. कारखान्यातल्या टोपीचं मानक वेगळं, आयएस 2925. ती डोक्यावर वरून काही पडलं तर वाचवण्यासाठी असते. आतल्या पट्ट्यांच्या जाळीवर ती डोक्यापासून थोडी उचललेली राहते आणि वरून आलेला मार त्या जाळीवर जातो. गाडीवरून फेकला गेलेला माणूस कपाळावर पडेल, कानावर पडेल, मागे पडेल. त्यासाठी बाहेरचं कठीण कवच मार पसरवतं आणि आतला थर्माकोलसारखा जाड थर चेपून तो मार खाऊन टाकतो. तुमच्याकडच्या टोपी हेल्मेटमध्ये आत बोट दाबून बघा. बहुतेक नुसता स्पंज लागेल. स्पंज मऊ लागतो, गिऱ्हाइकाला बरं वाटतं, पण तो एका क्षणात तळाला टेकतो आणि पुढचं सगळं डोक्याला सोसावं लागतं. म्हणजे हा माल दुचाकीसाठी नाही तसा कारखान्यासाठीही नाही. नाव बदलून तो कुठल्याच रकान्यात बसत नाही, फक्त बिल खोटं होतं. "एक्सपोर्टचा माल आहे" ही सबबही तशीच. निर्यातीच्या मालाला आदेशात सूट आहे, पण निर्यातीचा माल देशाबाहेर जातो, तुमच्या काउंटरवर येत नाही.

आणि त्या मुलांचं काय होईल तेही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या 129 व्या कलमाला मानकाला धरून असलेलंच हेल्मेट हवं असतं. ते नसेल तर 194-ड खाली 1,000 रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. गाडीवर पोट असलेल्या मुलाचं तीन महिन्यांचं उत्पन्न त्यात जातं. अपघात झाला नाही तरी.

मग 118 हेल्मेटचं करायचं काय?

आधी ढीग वेगळे करा. आज संध्याकाळीच, दुकानाच्या मांडणीत त्यातलं एकही राहू देऊ नका. गोडाऊनमध्ये वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, वर मोठ्या अक्षरात 'विक्रीसाठी नाही' लिहा आणि स्टॉकच्या वहीत तारखेसह तशी नोंद करा. ही नोंद म्हणजे अभयपत्र नव्हे, पण तुमचा हेतू त्यातून दिसतो. तोही कोपऱ्यात वर्षभर पडून राहिला तर दिसेनासा होतो, म्हणून पुढचं काम महिन्याभरात उरका.

1 जून 2021 नंतर पक्क्या बिलाने घेतलेला माल असेल तर होलसेलरला लेखी कळवा: विकायला मनाई असलेला माल तुम्ही मला दिलात, रक्कम परत करा किंवा क्रेडिट नोट द्या. माल मात्र परत पाठवू नका. तो दुसऱ्या दुकानात जाईल आणि तिथे कदाचित तुमच्यासारखं पत्र लिहिणारं कुणी नसेल. तोडलेल्या हेल्मेटचे फोटो पाठवते म्हणा. तो कटकट करेल. मग एवढंच म्हणा की तक्रार त्याच बीआयएस केअर ॲपवरून करता येते. धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून. कच्च्या बिलाच्या मालाचे पैसे येतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही.

उरलेला माल भंगारात. पण भंगारवाल्याला अख्खी हेल्मेट देऊ नका, आठवड्याभरात ती रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली दिसतील. पट्टे कापा, कवचाला ड्रिलने तीन-चार भोकं पाडा किंवा हातोड्याने तडे घाला, आतला थर उपटून काढा. फोटो काढा, संख्या लिहा, भंगाराची पावती ठेवा. आणि सीएंना आधी सांगा. नष्ट केलेल्या मालावर घेतलेलं जीएसटीचं क्रेडिट परत करावं लागतं, ते त्यांनी वेळेत केलं की पुढची नोटीस टळते.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की यातली काही आधी विकलीही गेली असतील. बिलबुकात ज्यांचे फोन आहेत त्यांना फोन करा आणि नव्या हेल्मेटवर सूट देऊन ते जुनं काढून घ्या. हे सगळ्यांना जमणार नाही, दहाजणांना जमलं तरी करा. ब्युरोची नोटीस किंवा तपासणी प्रत्यक्ष आली असेल, तर या सदरावर विसंबू नका, वकील गाठा.

"पैशांवर पाणी सोडायचं का" या तुमच्या प्रश्नात एक गृहीत आहे, की हे पैसे अजून तुमच्याकडे आहेत. 2021 आधीच्या मालाचे पैसे त्या वर्षीच्या जून महिन्यातच गेले. वडिलांनी तेव्हा गोडाऊन बंद करून विषय टाळला, आणि मला वाटतं आज त्यांचं "नुसतं विकतो" हे वाक्य त्या टाळण्याचंच पांघरूण आहे. त्यांना चूक दाखवायला जाऊ नका. अंथरुणावरच्या माणसाला स्वतःच्याच धंद्याचा हिशेब ऐकवणं फार जड असतं. "बाबा, नियम बदललाय, मी माल काढतेय," एवढं सांगा आणि तोडलेल्या ढिगाचा फोटो त्यांना दाखवू नका.

तुमच्यासारखेच इतर संरक्षक साधनं विकणारेही हे सदर वाचतात, त्यांच्यासाठी थोडं. सगळ्या साधनांना एकच नियम नाही. सेफ्टी बुटांसाठी 2020 मध्ये हेल्मेटसारखाच वेगळा आदेश निघाला. त्यांच्या आयएस 15298 मानकात पुन्हा पोटप्रकार आहेत. सेफ्टी बुटाच्या टोकाला 200 ज्यूलचा आघात सोसावा लागतो, प्रोटेक्टिव्ह बुटाला 100 ज्यूल, आणि ऑक्युपेशनल बुटाला टोकाचं कवचच नसतं. तिन्ही बूट मांडणीत सारखेच दिसतात आणि सेल्समन तिन्हींना "सेफ्टी" म्हणतो, त्यामुळे बिलावर नेमका प्रकार लिहा. धुळीच्या मास्कला आयएस 9473 आहे, पण शस्त्रक्रियेचा मास्क वैद्यकीय उपकरणांच्या 2017 च्या नियमांखाली जातो, म्हणजे खातंच वेगळं. आपला माल सक्तीच्या यादीत आहे का, कधीपासून, लहान उत्पादकांना काही सवलत आहे का, हे ब्युरोच्या संकेतस्थळावर माल मागवण्याआधी बघायचं. तारखा पुढे-मागे होतात, गेल्या वर्षीच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका. मार्क सक्तीचा नसला तरी पाकिटावर बनवणाऱ्याचं किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क हवाच. तो वैधमापनाच्या 2011 च्या नियमांचा भाग आहे. आणि ऑनलाइन विकणाऱ्यांनो, "100 टक्के सुरक्षित" असलं काही लिहू नका. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं, शिवाय मघाशी म्हटलेली "स्वतःच्या तोंडाने दिलेली हमी" तीच.

राहिला ठेकेदार. त्याला नुसतं नाही म्हणाल तर तो शेजारच्या गल्लीत जाईल. त्यापेक्षा मार्क असलेल्या साध्या हेल्मेटचा एकगठ्ठा भाव काढा, नफा कमी ठेवा, आणि त्याला सांगा की बिल पक्कं मिळेल, परवाना क्रमांकासकट, ते त्याच्याही उपयोगी पडेल. आणि एक अट घाला, जी प्रत्येक चांगल्या हेल्मेटवाल्याने घालावी: सगळी हेल्मेट एकाच मापाची मिळणार नाहीत. हेल्मेट डोक्याच्या मापाने घ्यावं लागतं. भुवयांच्या वरून, मागे सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवायची आणि सेंटिमीटर लिहून घ्यायचे. सैल हेल्मेट पट्टा लावूनही डोक्यावरून निसटतं.

तेव्हा त्याला म्हणा, मुलांना पाचपाच करून दुकानात पाठव.